पुढे न्या!

महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी रात्री साडेअकराला छातीत कळ आली, तर हमखास मिळणारा इलाज एकच. तो फुकट आहे, त्याला चिठ्ठी लागत नाही आणि त्याचा साठा संपल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही. ‘इथं काही होणार नाही, पुढे न्या.’

हे ‘पुढे’ नेमकं कुठं, ते तुम्ही कुठं पडलात त्यावर ठरतं. पाड्यावरच्या बाईला पुढे म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, तेही रस्त्यापर्यंत झोळीतून गेल्यावर. केंद्रातून पुढे ग्रामीण रुग्णालय. तिथून उपजिल्हा, मग सिव्हिल. सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत टेबलामागचा मुलगा वर न बघता म्हणतो, ‘पुण्याला हलवा.’ दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या माणसाला तर पुढे म्हणजे थेट दुसरं राज्य, गोव्यातलं बांबोळी. २०१८ मध्ये गोवा सरकारनं आपल्या मेडिकल कॉलेजात बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा मुंबईत बसलेल्या पुष्कळांना पहिल्यांदा कळलं की सिंधुदुर्गाची कॅज्युअल्टी परराज्यात आहे.

कागदावर बघाल तर उतरंड मोठी देखणी आहे. ३० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात २० हजारांना. त्यावर साधारण सव्वा लाखाला ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय. तिथं सर्जन हवा, फिजिशियन हवा, स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, बालरोगतज्ज्ञ हवा, भूलतज्ज्ञ हवा, असं केंद्र सरकारची मानकं म्हणतात. केंद्र सरकारचीच आकडेवारी पुढे असंही म्हणते की देशभरात या दर्जाच्या रुग्णालयांत सुमारे ८० टक्के तज्ज्ञ कमी आहेत. म्हणजे पाच खुर्च्या मांडल्या आणि चार रिकाम्या ठेवल्या. पाचव्या खुर्चीवरचे डॉक्टर बहुधा व्हिडिओ कॉन्फरन्सला बसलेले असतात.

यातली सगळ्यात महागडी रिकामी खुर्ची भूलतज्ज्ञाची. बाई अडलीय, सिझर करायला हवं, स्त्रीरोगतज्ज्ञ हजर आहेत, ऑपरेशन थिएटरला नव्या फरशा बसल्यात, एसी गार हवा सोडतोय. भूल द्यायला कुणी नाही. मग खासगीतल्या भूलतज्ज्ञाला केसमागे पैसे देऊन बोलवायचं. तो शेजारच्या तालुक्यात एका केसवर, तिथून निघून तिसरीकडे जाणार. तेवढा वेळ बाळ थांबणार नसतं, म्हणून बाईला गाडीत घालायचं आणि पुढे. मग कधी गाडीतच बाळंतपण होतं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते: ‘रुग्णवाहिकेत गोंडस बाळाचा जन्म, डॉक्टरांचं सर्वत्र कौतुक’. गाडीतल्या डॉक्टरचं कौतुक व्हायलाच हवं. पण भूलतज्ज्ञाची जागा कधीपासून रिकामी आहे, हे त्या बातमीत शोधू नका. ती आतल्या पानातसुद्धा सापडणार नाही.

आता गाडीविषयी. १०८ ही खरोखर चांगली गोष्ट आहे, हे आधी कबूल करतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा. हा नंबर २००५ मध्ये हैदराबादेतून सुरू झाला. आपल्याकडे २०१४ मध्ये आला. तेव्हा ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ मध्ये व्हेंटिलेटरसकट जामानिमा, बाकी ७०४ मध्ये ऑक्सिजन आणि प्राथमिक साधनं. फोन कुठूनही करा, तो उचलला जातो पुण्यात औंधला. आणि आपल्या गाडीत डॉक्टर असतो, बहुतेक वेळा आयुर्वेदाचा किंवा होमिओपॅथीचा पदवीधर, पण असतो. बऱ्याच राज्यांत तंत्रज्ञावर भागवतात. शहरात २० मिनिटांत आणि खेड्यात ३० मिनिटांत पोचायचं, असा या सेवेचा वायदा आहे.

वायदा मोडतो कुठं, ते बघण्यासारखं आहे. लोक म्हणतात, गाडी वेळेवर आली नाही. गाडी मुळात होती कुठं? ती होती रस्त्यावरच. संध्याकाळी ग्रामीण रुग्णालयातून एका म्हाताऱ्याला सिव्हिलला घेऊन गेली. सिव्हिलला स्ट्रेचर रिकामा होईना, म्हणून दारात थांबली. मग सिव्हिलनं त्याला मेडिकल कॉलेजला पाठवलं, तेव्हा पुन्हा तीच निघाली. तालुक्याच्या वाट्याची अशी गाडी जिल्हा पालथा घालून पहाटे परत येते. तेवढ्या वेळात इकडे घाटात टेम्पो उलटला, तर औंधचा बिचारा मुलगा फोनवर सांगतो, जवळची गाडी केसवर आहे. ‘पुढे न्या’चं हे खरं बिल. एकाला विनाकारण पुढे नेलं, की दुसऱ्याला न्यायला काहीच उरत नाही. यावर सरकारचा उपाय म्हणजे गाड्या वाढवणं. १० वर्षांच्या नव्या कंत्राटाची निविदा निघाली, आकडा हजारो कोटींत गेला, आरोप-प्रत्यारोप यथासांग पार पडले. भूलतज्ज्ञाच्या पगारावर असं भांडण झालेलं कुणी बघितलंय? त्यात खायला काय आहे म्हणा.

सरकारची गाडी केसवर असली, तरी साहेबांच्या गाड्या मोकळ्या असतात. तालुक्यात साहेब, दादा, भाऊ यांनी दिलेल्या रुग्णवाहिका मोजा. कुणी आमदार निधीतून, कुणी प्रतिष्ठानतर्फे, कुणी वाढदिवसाचं औचित्य साधून. लोकार्पण सोहळा दणक्यात होतो. रुग्णवाहिकेला हार, हळदकुंकू, नारळ. गाडीच्या दोन्ही बाजूंना साहेबांचा फोटो इतका मोठा, की आत झोपलेल्याला आपण आजारी आहोत की प्रचाराला निघालोय, ते कळू नये. सोहळ्यानंतर तीन प्रश्न शिल्लक राहतात: डिझेल कोण घालणार, ड्रायव्हरला पगार कोण देणार आणि सिलिंडर कोण भरणार. निधीतून गाडी घेता येते, पगार देता येत नाही. मग गाडी ग्रामपंचायतीच्या मागं उभी राहते. पावसाळ्यात तिच्याखाली कुत्री झोपतात. आचारसंहिता लागली की मात्र कुणीतरी आठवणीनं जाऊन फोटोवर कागद चिकटवतो. तेवढी देखभाल नियमित होते.

उरली खासगी. ओम्नी किंवा ईको, आत एक स्ट्रेचर, एक सिलिंडर आणि डॅशबोर्डवर साईबाबा. आरटीओनं दर ठरवून दिलेत. ते आरटीओच्या कार्यालयात व्यवस्थित आहेत. चालक मोठा व्यवहारी माणूस असतो. ‘तिकडे कशाला नेताय? तिथं बेड नाही. माझ्या ओळखीचं आहे, लगेच घेतील.’ त्या लगेच घेण्यात चालकाचा वाटा असतो. या ‘कट’विरुद्ध राज्यानं २०१७ मध्ये कायद्याचा मसुदा केला होता. मसुदाही पुढे पाठवला गेला असणार, कारण कायदा होऊन तो काही परत आला नाही.

सगळंच काही जीवन-मरणाचं नसतं, हेही खरं. रात्री दहाला पोराला १०३ ताप, आजीचा पाय मुरगळलाय, कुत्रं चावलंय, विळीनं बोट कापलंय. पूर्वी अशा वेळी फॅमिली डॉक्टरचं दार वाजवायचं. ते लुंगीवर बाहेर यायचे, दोन शिव्या द्यायचे आणि चार टाके घालायचे. आता त्यांच्या मुलाचं शहरात सुपरस्पेशालिटी आहे आणि डॉक्टर त्याच्याकडे राहायला गेलेत. ‘आपला दवाखाना’ नावाची योजना सरकारनं नेमक्या याच दुखण्यावर काढली: दुपारी २ ते रात्री १०, म्हणजे मजुरी बुडवून रांगेत उभं राहायला नको. वेळ ज्यानं ठरवली, त्याला माझा नमस्कार. सरकारात कुणीतरी हातावर पोट असलेल्या माणसाचं घड्याळ बघितलं, ही साधी गोष्ट नाही. आता तिथं डॉक्टर टिकला आणि दहाच्या आधी कुलूप लागलं नाही, की झालं.

दहानंतर मात्र तुम्ही आणि ‘२४ तास अत्यावश्यक सेवा’ हा बोर्ड. बोर्डावर एका बाजूला सूर्य, एका बाजूला चंद्र. सूर्याच्या वेळी आत एमडी असतो. चंद्राच्या वेळी एक नवखा आरएमओ, जो मघाशीच दुसऱ्या हॉस्पिटलातली ड्युटी संपवून आलाय, आणि बेल दाबली की डोळे चोळत येणारी सिस्टर. कुत्रं चावल्याला आरएमओ विचारतो, ‘पाळलेलं की भटकं?’ मग सांगतो, इंजेक्शन सकाळी सरकारीत घ्या. निदान जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, एवढं तरी सांगावं. रेबीजच्या बाबतीत हा अर्धा उपचार आहे आणि त्याला एमडी लागत नाही, नळ लागतो. पण फीच्या पावतीत नळ बसत नाही.

अपघाताचा असाल, तर वेगळं वाक्य ठेवणीतलं असतं: ‘पोलीस केस आहे, आम्ही घेत नाही.’ हे ऐकून नातेवाईक निमूट गाडीकडे वळतात. त्यांना कुणी सांगत नाही की सर्वोच्च न्यायालयानं हे वाक्य १९८९ मध्येच मोडीत काढलंय. परमानंद कटारा खटल्यात न्यायालय म्हणालं, डॉक्टर सरकारी असो की खासगी, आधी जीव वाचवायचा, पंचनामा नंतर. बंगालमधला एक शेतमजूर १९९२ मध्ये रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला खाट नाही म्हणून पुढे धाडलं. शेवटी खासगीत उपचार झाले. १९९६ मध्ये न्यायालयानं राज्य सरकारला २५ हजार भरपाई द्यायला लावली आणि तातडीचा उपचार नाकारणं म्हणजे जगण्याचा हक्क नाकारणं, असं ठणकावलं. त्या निकालालाही आता पुरती एक पिढी उलटली. जखमीला आणणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, नाव सांगायची सक्ती करायची नाही, हे २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातच आहे. वर आणणाऱ्याला सरकार बक्षीस देतं, आधी ५ हजार होतं, आता २५ हजार केलंय. २०२५ पासून रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे रोकडरहित उपचारही आहेत. कायद्याच्या बाजूनं बघाल तर या देशात अपघात होण्यासारखं सुरक्षित काही नाही.

तरीही काउंटरवरचा पहिला शब्द ‘डिपॉझिट’. २०२५ च्या वसंतात पुण्यातल्या एका बड्या धर्मादाय रुग्णालयानं गरोदर बाईकडं दहा लाख अनामत मागितल्याचा आरोप झाला. बाईला पुढे दुसरीकडे नेलं, जुळी झाली, बाई गेली. गदारोळ उठला, चौकशी समित्या बसल्या, मग रुग्णालयानं जाहीर केलं की तातडीच्या रुग्णांकडून यापुढे अनामत घेणार नाही. यापुढे! धर्मादाय रुग्णालयांनी तातडीच्या वेळी रुग्णाला आधी दाखल करून घ्यावं, त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यावेत, ही योजना उच्च न्यायालयानं २००६ मध्येच घालून दिलेली आहे. वर १० टक्के खाटा निर्धनांना फुकट, १० टक्के दुर्बलांना सवलतीत. या खाटा असतात. फक्त तुम्ही विचारता तेव्हा भरलेल्या असतात, आणि साहेबांचा फोन आला की त्यातली एक रिकामी होते. आपल्याकडे ट्रायाज म्हणजे कुणाचा नंबर आधी, हे ठरवण्याचं शास्त्र खूप प्रगत आहे. त्यात नाडी बघत नाहीत, मोबाईलमधले कॉन्टॅक्ट बघतात.

डॉक्टरांचीही बाजू आहे, आणि ती लहान नाही. रात्री एकटा असलेला पोरगेला मेडिकल ऑफिसर, समोर घोणस चावलेला शेतकरी, आणि शेतकऱ्यामागं अर्धं गाव. सर्पदंशावरच्या प्रतिविषाची कुपी कपाटात आहे. पण ती देताना रिअ‍ॅक्शन आली तर? व्हेंटिलेटर नाही, सोबतीला दुसरा डॉक्टर नाही. रुग्ण दगावला तर काचा फुटणार आणि काचांनंतर डॉक्टर. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, पण तो कायदा रात्री दोन वाजता दारात उभा राहत नाही. तिथं एक वॉचमन असतो, तोही जेवायला गेलेला. मग पोरगा विचार करतो: इथं मेला तर माझ्या हातून, वाटेत मेला तर नशीब. ‘पुढे न्या.’ या हिशोबात त्याचं चुकतं असं मी म्हणू शकतो. पण त्या खोलीत मला कुणी उभं केलेलं नाही.

आणि आपण? सर्पदंश झाल्यावर आधी देवऋषी, मग पाला, मग तंबाखूची पुडी लावलेला पाय घेऊन दवाखाना, आणि डॉक्टरनं उशीर झाला म्हटलं की त्याचीच कॉलर. पेशंटसोबत एक जाणता माणूस लागतो, आपण जीपभर नेतो. सायरन वाजवत येणाऱ्या रुग्णवाहिकेला वाट दिली नाही तर १० हजार दंड आहे. आपण वाट देतोही, आणि मग त्या मोकळ्या वाटेनं रुग्णवाहिकेच्या मागोमाग आपली गाडी सुसाट काढतो. पोचायची घाई आपल्यालाही असते ना.

मग यातून मार्ग नाही का? आहे, आणि तो महाडला सापडला होता. १९७६ मध्ये हिंमतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. कोकणात लाल विंचू चावला की धडधाकट पोरं रात्रीतून जायची, आणि पुस्तकांत त्यावर धड काही लिहिलेलं नव्हतं. या माणसानं रुग्ण पुढे पाठवले नाहीत. खाटेशेजारी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, फुप्फुसात भरणारं पाणी टिपत राहिला. त्यातून त्याच्या लक्षात आलं, की विष हृदयावर घाव घालतंय आणि रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी तो घाव अडवू शकते. ते निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. जिथं शंभरातले चाळीसेक दगावायचे, तिथं हे प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्याजवळ तेव्हा ना ट्रॉमा सेंटर होतं, ना एमआरआय. स्वस्त गोळी होती आणि न उठणारा डॉक्टर होता. सरकारला गोळी विकत घेता येते. खाटेशेजारी बसलेल्या डॉक्टरची निविदा मात्र काढता येत नाही, ही अडचण मी समजू शकतो.

तरी अगदीच बावस्कर जन्माला यायची वाट बघायला नको. झटका आलेल्याच्या रक्तातली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ग्रामीण रुग्णालयातही देता येतं. ईसीजी काढून तो दूर बसलेल्या हृदयरोगतज्ज्ञाला काही मिनिटांत दाखवता येतो. ‘स्टेमी’ या नावानं राज्यानं असा प्रकल्प हाती घेतलेलाही आहे. रक्तस्राव थांबवणं, श्वास मोकळा करणं, सलाईन लावणं, सर्पदंशावरचं प्रतिविष सुरू करणं ही कामं खालच्या पायरीवर होऊ शकतात, आणि रुग्णाला खरोखर पुढे न्यायचं असेल तर ती तिथं व्हायलाच हवीत. शिवाय निघण्यापूर्वी पुढच्या रुग्णालयाला एक फोन: ‘अमुक रुग्ण येतोय, हे दिलंय, हे लागेल, खाट ठेवा.’ एवढा एक फोन बहुसंख्य ठिकाणी होत नाही. रुग्णासोबत जातो तो कागद, त्यावर अक्षर असं की पुढच्या डॉक्टरला फक्त तारीख लागते, आणि एक शब्द ठळक: ‘रेफर’.

उपाय इतके साधे असल्यानंच बहुधा कुणाला त्यात रस नाही. भूलतज्ज्ञाला चांगला पगार, मेडिकल ऑफिसरला राहण्याजोगं क्वार्टर, रात्रपाळीला दोन डॉक्टर आणि दारात एक जागा पोलीस: यातल्या कशाचीच फीत कापता येत नाही. इमारतीची येते. म्हणून महामार्गालगत ट्रॉमा केअर सेंटरं उभी राहतात. पोर्च असा प्रशस्त, की त्याखाली लग्नाची पंगत बसावी. आत न्यूरोसर्जन नाही, सीटी स्कॅनचा तंत्रज्ञ संध्याकाळी पाचला जातो, आणि डोक्याला मार लागलेला माणूस त्या पोर्चखाली फक्त गाडी बदलतो.

पुढच्या वाढदिवसाला तुमच्या तालुक्यात नवी रुग्णवाहिका येईलच. साहेब नारळ फोडतील, आणि सत्काराचे हार संपले की निवेदक विचारेल, ‘कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?’ तेव्हा हात वर करा आणि विचारा: रात्री ही चालवणार कोण, आणि नेणार कुठं? बघा, निवेदक किती चपळाईनं आभारप्रदर्शनाकडे वळतो ते.